चौदा नंबरची नळी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, पोलादी कपाटात, मेणाच्या एकशे बारा नळ्या होत्या. दिसायला साध्या, तपकिरी, पाण्याच्या पेल्याएवढ्या. पण प्रत्येकीवर कुणाचा ना कुणाचा आवाज कोरलेला. नव्वद वर्षांपूर्वी एक प्रोफेसर कर्णा लावलेलं यंत्र घेऊन गावोगाव हिंडले आणि जो गाईल त्याचं गाणं मेणावर उतरवून घेत गेले. गाणारे गेले, प्रोफेसर गेले, नळ्या तेवढ्या राहिल्या. आता त्यांनाही बुरशी लागली होती.

या नळ्यांची एक खोड होती. सुई फिरली की आवाज ऐकू येतो खरा, पण जाता जाता तीच सुई थोडा आवाज खरवडूनही नेते. म्हणून संग्रहपाल बाईंनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकही नळी वाजवली नव्हती. त्यांचा नवरा म्हणायचा, "विहिरीच्या काठावर बसून तहानलेली अशी तू एकटीच." बाई हसून सोडून देत.

दर वर्षी एक आजी यायच्या. काठी टेकत, कापडी पिशवी छातीशी धरून. त्यांना चौदा नंबरची नळी बघायची असे. ऐकायची नव्हे, ते होणार नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी समजलं होतं. बाई कापूस भरलेला डबा उघडत आणि प्रोफेसरांच्या वहीतली नोंद वाचून दाखवत: 'नळी चौदा. स्त्री, वय बावीस. अंगाई. शेवटी मूल रडते.'

"ते मूल म्हणजे मी," आजी दर वर्षी न चुकता सांगत. आई त्यांना दोन वर्षांचं ठेवून गेली. फोटो नाही, काही नाही. जगात आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या डब्यात होतं.

"सुई न लावता नुसत्या उजेडाने नळी वाचणारं यंत्र निघालंय, आजी," बाई म्हणत. "ते आलं की पहिली तुमचीच."

"ते येईपर्यंत मी राहिलं पाहिजे ना," आजी म्हणत, आणि दोघी हसत.

यंत्र संग्रहालयाच्या ऐपतीतलं नव्हतं. राष्ट्रीय ठेवा जतन करण्याची सरकारी अनुदान योजना होती, तेवढाच एक आधार. बाईंनी तीनदा अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथे तर सहा वर्षं गेली. चौथ्या वेळी उत्तर आलं: समिती पाहणीला येईल. संग्रहात खरोखर आवाज शिल्लक आहे हे तिन्ही सदस्यांसमोर एक नळी वाजवून दाखवावं. बाहेरचं कुणी हजर नको. आणि नळ्यांची कसलीही नक्कल आजवर केलेली नाही, पाहणीच्या वेळीही करणार नाही, असं लिहून द्यावं. नक्कल केली म्हणजे काम मंजुरीआधीच सुरू केलं, आणि सुरू झालेल्या कामाला अनुदान मिळत नाही.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ते हेच. बाईंनी दोन दिवस तो कागद टेबलावर तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली. गरजवंताला अक्कल नसते.

मग त्या भिंग घेऊन बसल्या आणि एकेक नळी तपासली. कुठे बुरशीचे ठिपके, कुठे तडा. सुई झेलू शकेल अशी एकच निघाली. नंबर पाहिला, डबा मिटला, पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तपासल्या. दुसऱ्यांदाही तीच निघाली.

प्रोफेसरांचं जुनं यंत्र चालवायला बाईंनी मिस्त्रींना बोलावलं. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, पण या कर्णेवाल्या यंत्राची स्प्रिंग त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला ऐकत नसे. त्यांनी नळी उजेडात फिरवून पाहिली. "एकदा सोसेल," ते म्हणाले. "वरून बरी दिसते, पण आतून मेण भुसभुशीत झालंय. दोनदा नको."

"एकदाच आहे," बाई म्हणाल्या.

समिती आली. तिघे, सज्जन माणसं. सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये ठेवले गेले. अध्यक्षांनी मात्र आपला ठेवून घेतला. "मुलगी दवाखान्यात आहे," ते ओशाळून म्हणाले. "पहिलं बाळंतपण. कधीही फोन येईल." त्यावर कोण काय बोलणार?

मिस्त्रींनी चावी दिली. बाईंनी सुई टेकवली. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून एक बारीक आवाज वर आला. त्याच क्षणी अध्यक्षांचा फोन वाजला आणि ते उठून बाहेर गेले. बाई दाराकडे बघत राहिल्या. मग सुईकडे. मग पुन्हा दाराकडे. आत्ता येतील, अजून थोडं आहे, आत्ता येतील. बाहेर व्हरांड्यात बुटांची येरझार चालू होती. दोन मिनिटांनी मिस्त्रींनी सुई उचलली.

अध्यक्ष आत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाईंनीही केलं. मग ते खुर्चीत बसले. "माफ करा हं. मी ऐकलंच नाही. परत लावता?"

"साहेब, दुसऱ्यांदा लावली तर नळी जाईल."

ते खरंच अवघडले. बाकीच्या दोघांकडे पाहिलं, फॉर्म चाळला. "तिघांनी ऐकलं असं लिहायचं आहे. न ऐकता सही कशी करू? आणि माझ्या सहीशिवाय प्रकरण पुढे जाणार नाही. पुढची पाहणी दोन वर्षांनी. दुसरी एखादी नळी नाही का?"

दुसरी नव्हती. दोन वर्षांत बुरशीने उरलेल्या एकशे अकराही खाल्ल्या असत्या. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि चावी दिली.

या खेपेला सुई नांगरासारखी मेणात घुसली. तपकिरी भुगा उडून टेबलावर पडला. कर्ण्यातून पत्रा घासावा तसा आवाज येत राहिला. बाईंना सुई उचलावीशी वाटत होती आणि उचलता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अगदी शेवटी, जिथे मेण घट्ट होतं तिथे, लख्ख ऐकू आलं: एक तान्हं मूल टाहो फोडून रडत होतं.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

चार महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. एकशे अकरा नळ्यांसाठी. चौदा नंबरपुढे लिहिलं होतं, 'निकामी, वगळावी.' बाईंनी यंत्रवाल्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, जिथे रेघच उरली नाही तिथे उजेड काय वाचणार? मिस्त्री म्हणाले, "मी स्प्रिंगवर कान ठेवून होतो, बाई. गाणं नाही ऐकलं." बाईंनी समितीतल्या दोघांना फोन केले. एकाने सांगितलं, आपण वेळ मोजत होतो. दुसरे म्हणाले, छान होतं, जुन्या पद्धतीचं होतं.

नेहमीच्या दिवशी आजी आल्या. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते आवरलं नाही. आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाकीच्या वाचल्या ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं." आजी थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "पण पहिल्यांदा लागलं तेव्हा तुम्ही जवळच होतात. कसं गायली? मला जरा गुणगुणून दाखवा. दोन ओळी चालतील."

बाईंनी डोळे मिटले. खूप जोर लावला. बुटांची येरझार आठवली, दार आठवलं, सुईचं टोक आठवलं. एकोणीस वर्षं जपलेला आवाज दोन हातांवर गात होता, आणि त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. एखादी दुसरीच अंगाई म्हटली असती तरी आजींना कळलं नसतं. तोंड उघडलंही होतं.

"आजी, मी ऐकलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "ती गात होती, आणि मी ऐकलं नाही."

आजींनी काठी हातात घेतली, पण उठल्या नाहीत. समोरच्या उघड्या डब्यातल्या कापसावरून बोट फिरवलं.

"मी तरी कुठे ऐकलं?" त्या म्हणाल्या. "मी रडत होते."