शंभराच्या आत

गोल्फ माणसाला नम्र करतो. निदान आमच्या मैदानाच्या जुन्या लाकडी पाटीवर शंभर वर्षांपासून तसं कोरलेलं आहे. त्या पाटीखाली बसून मी अकरा वर्षं बुटांच्या नाड्या बांधतोय आणि दर वर्षी जास्त चिडका होतोय.

मैदान सार्वजनिक. तिकीट काढा, खेळा. अठरा खळगे, त्यांत चेंडू घालायचा. एकूण फटके जितके कमी तितकं बरं. माझे शंभराखाली कधी आलेच नव्हते. आज हंगामाचा शेवटचा दिवस, उद्या फाटकाला कुलूप. आणि मी बायकोसमोर बोलून बसलो होतो: यंदाही जमलं नाही, तर ही पिशवी काठ्यांसकट तुझ्या भावाला.

तो भाऊ, माझा दातांचा डॉक्टर मेहुणा, सोबतच होता. उपटायच्या दाढेकडे बघावं तसा पिशवीकडे बघत होता.

पण पहिलाच फटका सणसणीत सरळ गेला!

"भाऊजी, चुकून लागला," मेहुणा म्हणाला.

दुसराही सरळ. मेहुण्याने खिशातून कार्ड काढून फटके लिहायला घेतले. दहाव्या खळग्यापर्यंत मला थंडी वाजायची थांबली होती. वाळक्या पानांत चेंडू हरवला, तोही त्यालाच सापडला आणि त्याचा चेहरा पडला.

तेराव्याशी गवतवाले काका दोरी बांधत होते. "हा थंडीसाठी झाकलाय. थेट चौदाव्यावर जा."

गेलो. मी असा पेटलो होतो की त्यांनी तळ्यात जा म्हटलं असतं तरी गेलो असतो.

अठराव्यापाशी मेहुण्याने कार्डावर बेरीज केली. अठ्ठ्याण्णव झालेले, चेंडू खळग्यापासून चार पावलांवर. एकच फटका हाताशी.

"सावकाश, भाऊजी. घरी कपाटात जागा करून ठेवलीय मी."

"तोंड बंद ठेव."

"दिवसभर लोकांना उघडा म्हणतो, तेवढीच विश्रांती."

मारला. चेंडू निघाला, रेंगाळला, कडेवर येऊन थबकला. माझा श्वासही. आणि टुपकन आत!

मी काठी फेकली, आरडाओरडा केला, मेहुण्याला उचलायला गेलो आणि दोघंही गवतात पडलो. तोही ओरडत होता, "नव्व्याण्णव! अहो, नव्व्याण्णव!" कपाटाचं त्याला भानच नव्हतं. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "कार्ड घरी आणा, भिंतीवर लावू."

धापा टाकत काउंटर गाठला. हंगामाच्या वहीत नाव चढायला हवं! बाईंनी चष्मा लावला, कार्डावरून बोट फिरवलं, मग पुन्हा वरपासून फिरवलं.

"छान खेळलात," त्या म्हणाल्या. "पण हे खळगे सतराच आहेत."

पिशवी मेहुण्याच्या डिकीत मावेना, म्हणून मागची सीट पाडावी लागली.