बिनसाखरेची बरणी

पहिल्या बरणीला नवव्या दिवशी बुरशी आली, तेव्हा थोरलीने दोष बरणीला दिला. दुसरीला सातव्याच दिवशी आली, तेव्हा दोष द्यायला कुणी उरलं नाही. झाकणाखालचा तो पांढरट, मऊ ठिपका बघून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जी बाई चौदा वर्षं जॅमच्या कारखान्यात तपासनीस आहे, जिच्या सहीशिवाय एक डबा दाराबाहेर पडत नाही, तिला घरातली अर्धा किलो स्ट्रॉबेरी टिकवता येऊ नये?

हा सगळा खटाटोप काही हौसेखातर चालला नव्हता. आईला जाऊन पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून बाबांचं जेवण तुटलं होतं. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायचे आणि सरकवून द्यायचे. पोटात जायचे ते फक्त पावाचे काप, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि त्यांवर आईने केलेला जॅम. गेल्या मोसमात आईने भरलेल्या बरण्यांपैकी आता एकच उरली होती आणि तीही तळाला गेलेली. ती संपली की बाबा काय खाणार, हा विचार थोरली कामावरसुद्धा करत असे. आईसारखा जॅम जमलाच पाहिजे होता.

कृती तर थोरलीचीच होती. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या रक्तात साखर निघाली, त्याच संध्याकाळी तिने एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. स्ट्रॉबेरी अर्धा किलो. घट्टपणासाठी सालीसकट किसलेलं एक सफरचंद. दोन लिंबांचा रस. साखर एक कणही नाही. ‘एक कणही’च्या खाली तीन रेघा. आईने चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, “करते हो.” त्यानंतर दर मोसमात ती स्वतःच जॅम करायची, आणि करताना कुणी आत डोकावलं की हाकलून द्यायची. “इथे गर्दी नको मला. तुझा कारखाना तुझ्यापाशी ठेव.” मग मिठाच्या डब्याशेजारी उघड्या फळीवर त्या लाल बरण्या वर्षभर उभ्या असायच्या.

आता बिनसाखरेचा जॅम उघड्या फळीवर वर्षभर टिकतो कसा, हा प्रश्न कारखान्यात काल लागलेल्या पोरीलाही पडला असता. थोरलीला पडला नाही. दिवसभर जॅम चाखून चाखून घरी आल्यावर तिला त्याच्या वासानेही मळमळायचं, त्यामुळे नऊ वर्षांत तिने आईच्या बरणीत चमचा घातला नव्हता. आणि आईच्या हातचं काही मोजून बघायचं असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तिने मोजलं ते बाबांना. डोळ्यांत तेल घालून मोजलं. तपासणीचा आकडा चढला की उलटतपासणी सुरू.

“काय खाल्लंत?”

“काही नाही गं.”

“मग हा आकडा आभाळातून पडला?”

बाबा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं खांद्यावर पिशवी घेऊन पायी हिंडले, पण दुसऱ्याचं साधं कार्डसुद्धा कधी उलटं करून वाचलं नाही. असा माणूस सुरुवातीला हसत हसत सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवायचा. “घ्या इन्स्पेक्टर, झडती घ्या.” आधी पायाची दोन बोटं गेली, तेव्हा ते हसेनासे झाले. मग घोट्यापासून पाऊलच काढावं लागलं. इस्पितळातून घरी आले त्या दिवशी, धाकटी आणि तिच्या सासरची माणसं समोर बसलेली असताना, थोरली बोलून गेली होती, “खोटारडे आहात तुम्ही. जिभेपायी पाय घालवलात.” बाबांनी तिला इन्स्पेक्टर म्हणणं त्या दिवसापासून सोडलं.

रविवारी दुपारी तिसरा जॅम चुलीवर होता. या वेळी तिने कारखान्यातून दुर्बीण आणली होती. दुर्बीण म्हणजे बोटभर लांबीची नळी, पुढे तिरपी काच. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, शंभरात साखर किती ते कळतं. कारखान्यात जॅम अडुसष्टला उतरवतात. बाबांना तिने ती पूर्वी एकदा दाखवली होती, तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी चहाची, दुधाची, स्वतःच्या थुंकीचीसुद्धा साखर मोजून घेतली होती.

तिने पातेल्यातला थेंब गार करून काचेवर ठेवला. एकोणीस. एवढ्यावर बुरशी नाही येणार तर काय होणार, तिने स्वतःलाच फटकारलं. पण मग आईचा किती असेल? आईने आटवून आटवून कितीवर नेला असेल? तिने फळीवरची बरणी काढली, तळाचा थेंब चमच्याच्या टोकावर घेतला आणि काच खिडकीकडे धरली.

पासष्ट.

तिने काच पुसली. दुसरा चमचा घेतला. पासष्ट. काच साबणाने धुतली, कोरडी केली, पुन्हा थेंब ठेवला. पासष्ट. फळ कितीही आटवलं तरी आपल्या अंगच्या गोडीवर तिथवर चढत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? बरणीत निम्म्याहून जास्त साखर होती.

ती स्टुलावर बसली. आणि आता सगळं ओळीने समोर आलं. पहिल्या मोसमात आईच्या बरणीलाही नवव्या दिवशी अशीच बुरशी आली असणार. कारण कागदावर एक ओळ राहून गेली होती. फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. इतकी साधी गोष्ट काय लिहायची, म्हणून थोरलीने लिहिली नव्हती. ‘तुझा जॅम नासला’ असं या फटकळ मुलीला सांगायचा आईला धीर झाला नसेल, आणि नवऱ्यापुढे आंबट बरणी ठेवणं जिवावर आलं असेल. तिने गुपचूप साखर घातली, आणि एकदा घातल्यावर सांगायचं कोणत्या तोंडाने? खोटारडे म्हटलं त्या दिवशी आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. पुसलेली चूल ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

थोरलीला आईचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी आई हवीशी झाली. पाऊल एकट्या जॅमने गेलं नसेल, डॉक्टरांनी इतर कारणंही सांगितली होती. पण खोटारडा हा शब्द एकट्या तिनेच उच्चारला होता. तो परत घ्यायला हवा होता. आजच, आत्ताच. तिने कागदाच्या कपट्यावर दोन्ही आकडे लिहिले, एकोणीस आणि पासष्ट, आणि बाबांना हाक मारली.

कुबडीची टकटक बाहेरच्या खोलीतून आली. बाबा दारात थांबले. टेबलावर आईची उघडी बरणी, शेजारी दुर्बीण, कपटा. ते सावकाश खुर्चीत बसले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दुर्बीण उचलली आणि खिडकीकडे धरून डोळा लावला. काचेवर आईचा थेंब तसाच होता. बाबांनी खूप वेळ बघितलं. मग दुर्बीण खाली ठेवली.

“बाबा, मी तुम्हाला नऊ वर्षं—”

“मीच खायचो,” बाबा म्हणाले.

“काय?”

“गोळ्या. चॉकलेटं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचो. तू म्हणायचीस ते खरं होतं.”

“खिशात तर कधी काही सापडलं नाही.”

“टोपीत ठेवायचो.”

पोस्टाची टोपी बाबांनी निवृत्त झाल्या दिवशी खुंटीला लावली होती. ती पुन्हा कधी डोक्यावर चढली नव्हती.

“बाबा, तुम्ही आत्ता आत बघितलंत. या बरणीत—”

“त्या साली फळंच गोड होती.”

“पासष्ट, बाबा!”

“तुझ्या आईने कागद सोडून काही केलं नाही,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला जागाही ठेवली नव्हती. “खाल्लं ते मी. कबूल करतोय ना? नऊ वर्षं कबुलीच मागत होतीस.”

त्यांनी सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, स्वच्छ पुसली. कपट्याची घडी घालून खिशात टाकली. आईच्या बरणीला घट्ट झाकण लावून ती हात पोचेल तितकी लांब सरकवली. मग पातेलं जवळ ओढलं, पावाचा काप घेतला आणि त्यावर एकोणीसचा तो आंबट, पातळ लगदा जाड थराने पसरला. पहिला घास घेताच त्यांचा एक डोळा मिटला आणि जबडा आवळला. तरी त्यांनी तो चावून चावून गिळला.

“तीच चव,” ते म्हणाले. “अगदी तुझ्या आईच्या हातची.”

थोरली बघत राहिली. ज्याने आपणहून गुन्हा कबूल केला त्याची माफी मागायची कशी, हे तिला कळेना.

बाबांनी काप संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. तिने पावाचा आणखी एक काप करून दिला.

“लिंबू जास्त झालंय का?” तिने विचारलं.

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“नाही गं,” ते म्हणाले. “गोड आहे.”