सोजरबाई जेवायला बसल्या

दापोडीत रेल्वेलाइनीच्या कडेला सोजरबाईंची खानावळ होती. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, आणि दोन्ही पाळ्यांचे मिळून पंचवीसेक कामगार जेवायला. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं बाईंनी एकटीनं चूल चालवली होती. कुणाला अल्सर आहे, कुणाला वांगं चालत नाही, कुणाची बायको माहेरी गेल्यानं जेवणावरचं लक्ष उडालंय, हे त्यांना न सांगता कळायचं. स्वतः मात्र सगळ्यांची ताटं उचलली की चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास खायच्या.

एकोणऐंशी सालच्या दसऱ्यानंतर या खानावळीत एक जपानी माणूस येऊ लागला. हिरानो त्याचं नाव. पिंपरीच्या एका कारखान्यात नवं प्रेस मशीन बसवायला तो चार महिन्यांसाठी आला होता. इथलं तिखट खाऊन पोटाचे हाल झाले, तेव्हा त्याच्या हाताखालचा फिटर भीमराज त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आला. बाईंनी तीन दिवस मऊ भात भरवून आणि ताक पाजून त्याला उभा केला. तेव्हापासून हिरानो रोज दुपारी हजर. भीमराजचं ऐकून तोही त्यांना मावशी म्हणू लागला, फक्त पुढे जपानी मानाचं 'सान' जोडून. "मावशीसान!"

मुक्कामाचा शेवटचा आठवडा आला, तेव्हा तो भीमराजजवळ काहीतरी बराच वेळ बोलला. भीमराज बाईंना म्हणाला, "मावशी, गुरुवारी सुट्टीला साहेब तुम्हाला जेवू घालणार. इथंच. त्यांच्या वडलांचं गावाकडं सहा माणसांचं हॉटेल हाय म्हणं. तिथं काय पाहिजे ते विचारत न्हाईत. समोर बसायचं आणि ते एकेक घास करून देतील तो खायचा."

"आणि काय देणार?"

"मासा. कच्चा."

बाईंनी पदर तोंडाला लावला. पण इतक्या हौसेनं बोलावणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी होकार दिला.

गुरुवारी सकाळी भीमराजनं मशीन ज्या खोक्यातून आलं होतं त्याची फळी रंधून आणली आणि दोन पिंपांवर आडवी टाकली. हिरानोनं बाहेर तीन दगड मांडून मावळातला आंबेमोहोर शिजवला आणि तो कशात पसरावा म्हणून इकडेतिकडे बघताना त्याला भाकरीचं पीठ मळायची काथवट दिसली. अगदी वडलांच्या हॉटेलातल्यासारखी लाकडाची काथवट पाहून गडी असा हरखला की तिच्यासमोर वाकून नमस्कारच केला. भातावर सिरका, साखर, मीठ शिंपडून तो हलक्या हातानं उलटवत राहिला आणि भीमराज सुपानं वारा घालत राहिला.

मासळीवाला युनूस मुंबईहून सुरमई आणणार होता. गाडी दोन तास उशिरा आली. टोपलीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. हिरानोनं कल्ला उचलून पाहिला, वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. "पकाके अच्छा," तो हळूच म्हणाला, "कच्चा, नो."

"भल्या पहाटे धक्क्यावरून उचललाय, साहेब!" युनूस कळवळून म्हणाला. पण हिरानोनं मान हलवली. आपल्या हातचं खाऊन मावशीसानचं पोट बिघडलं तर?

सोजरबाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्याचं पडलेलं तोंडही त्यांना बघवेना. तेवढ्यात तोच म्हणाला, "मावशीसान, आपका किचन... मैं देखूं?"

त्या चुलीपाशी आजवर परक्या माणसाचा हात गेला नव्हता. "जा बाबा," बाई म्हणाल्या. "पर मिठाच्या बरणीला वला हात लावू नगंस."

मग हिरानोनं त्यांना फळीपुढच्या बाकावर बसवलं. एका बाजूला भीमराज, दुसऱ्या बाजूला युनूस. बाई दोनदा उठल्या, दोनदा त्यानं हात जोडून त्यांना खाली बसवलं. एकेक डबा उघडून वास घेताना तो स्वतःशीच पुटपुटत होता. शेवटी हात ओले करून त्यानं भाताचा बोटभर मुटका वळला, वर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची फाक ठेवली, आपल्या बाटलीतलं काळं खारट पाणी बोटानं चोपडलं आणि तो घास बाईंच्या पुढ्यात ठेवला.

बाईंनी डोळे मिटून तो तोंडात टाकला. वांगं त्यांचंच, निखारा त्यांचाच, पण चव अशी की जणू वांगं आज पहिल्यांदाच भेटलं. "आगं बया!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

दुसरा घास सुरमईचा होता, कडेनं चटका दिलेला. तो आधीच्यापेक्षा लहान होता. तिसरा, अंड्याच्या घडीचा, आणखी मऊ, आणि फळीवर त्यांच्या जरा डावीकडे सरकवून ठेवलेला. बाई थबकल्या. भीमराजपुढचे घास मोठेच होते, युनूसचेही. फक्त त्यांचेच बदलले होते. त्यांच्या उजवीकडच्या दाढा पडून सहा वर्षं झाली होती, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही. या माणसानं पहिल्याच घासाला पाहिलं होतं.

"भीमराज," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो खरा सैपाकी हाय बग." आणि बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे टिपले. युनूसनं घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला, तशा त्या हसू लागल्या.

"तिखट?" हिरानोनं काळजीनं विचारलं.

"न्हाई रं बाबा. ग्वाड लागलं."

मग मात्र बाईंना जोर चढला. भाजलेल्या सुक्या बोंबलाचा घास त्यांनी दोनदा मागितला. शेजारून लोकल धडधडत गेली, फळी थरथरली, हिरानोनं पुढचा घास हातातच धरून ठेवला आणि गाडी गेल्यावर अदबीनं फळीवर मांडला. युनूसला हसू आवरेना. बर्फ वितळल्याचं दुःख तो केव्हाच विसरला होता.

शेवटी बाई उठल्या. या वेळी त्यांनीच हिरानोचा दंड धरून त्याला बाकावर बसवलं. हात ओले केले, भात घेतला, वर लसणीचा ठेचा ठेवला. चौदा वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या त्या हातांत मुटका काही टिकेना. उचलायला गेल्या, आणि शितं फळीभर झाली.

हिरानोनं गंभीरपणे तीन बोटं दाखवली. "मेरा पिताजी बोला, सीखना, सिर्फ चावल, तीन साल."

"मंग ऱ्हा की तीन साल हितंच!" बाई म्हणाल्या.

भीमराजनं त्याला अर्थ सांगितला. हिरानो मोठ्यानं हसला, फळीवरची शितं चिमटीनं वेचून ठेच्यात बुडवून खाऊ लागला, आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी थांबला नाही.

"आता तरी ताक घे," म्हणत सोजरबाई त्याच्याशेजारीच बाकावर टेकल्या, आणि उरलेल्या सुरमईचं काय करायचं यावर चौघांचा वाद सुरू झाला.