पायाच्या नकाशाची सुटलेली ओळ

मित्रांनो, मी घराच्या पायाचा एक जुना नकाशा आहे. अमरावतीच्या राजापेठेत एका इंजिनिअरच्या ऑफिसात, लोखंडी कपाटात मी राहतो. माझ्या कोपऱ्यात 'पाया, नमुना क्रमांक चार' असे लिहिले आहे. घर कोणाचेही असो. पाया, जिना, छज्जा यांची आखणी दर वेळी नव्याने कोण करणार? म्हणून त्यांचे नमुने एकदाच नीट काढून ठेवतात आणि गरजेप्रमाणे वापरतात. त्यांतलाच मी एक.

वीस वर्षांपूर्वी मला दामिनीने काढले. डिप्लोमा करून ती नुकतीच कामाला लागली होती. परतवाड्याला बारा घरे बांधायची होती. तिने तिथे जाऊन खड्डे खणून घेतले. तीन फुटांवर कठीण मुरूम लागला. परत येऊन चार दिवस ती माझ्यावर वाकून होती. पायाची रुंदी, खोली, सळयांमधले अंतर तिने रेखले आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली : 'फक्त कठीण मुरमाच्या जमिनीसाठी.'

ती बारा घरे अजून ठणठणीत आहेत. ऑफिसचे मालक उत्तमराव इतके खूश झाले की 'चार नंबर लावून टाका' हे त्यांचे पालुपदच झाले. खरे सांगतो, मलाही गर्व चढला. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला. मला स्कॅन केले आणि कपाटात ठेवून दिले. स्कॅनच्या प्रतीत माझी तळाची पट्टी आलीच नाही. ओळ सुटली. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात वलगावला पौर्णिमाताईंच्या घराचे काम निघाले. त्या एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून केलेली. त्यांच्या घराला दामिनीने माझीच प्रत लावली. पाया खणून झाला, सळया बांधून झाल्या, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होते. तेवढ्यात मोतीराम मिस्त्रींनी काम थांबवले.

उत्तमराव फोनवर दामिनीपाशी भडकले. "वीस वर्षं झाले हा नमुना चालून राहिला. मिस्त्रीले काय समजते? तो नसन करत तर दुसरा पाहू."

दामिनी साइटवर गेली. मोतीराम खड्ड्यातच उभे होते.

"म्याडम, खाली या. हे माती हातात घेऊन पाहा."

"मोतीरामभाऊ, नकाशा बरोबर आहे."

"नकाशा बरोबरच असन. माती त्याची नाई." त्यांनी काळ्या मातीचे ढेकूळ तिच्या तळहातावर ठेवले. "हे उन्हाळ्यात फाटते, पाण्यानं फुगते. फुगली का भिंतीले उचलते. आमच्या गावच्या पंजाबरावच्या घराले अशाच मातीत मीच असा पाया घातला होता. तीन वर्सांत भिंतीत हात जाईन एवढी भेग पडली. तो रस्त्यात भेटला का मी मान खाली घालतो. आता पुन्हा नाई करत. काम गेलं तरी चालन."

पौर्णिमाताई जवळच होत्या. "म्हंजे माहं घर फाटन का, ताई?"

"मूळ नकाशा पाहून सांगते," म्हणून दामिनी तडक निघाली. ऑफिसात येऊन तिने कपाट उघडले आणि कित्येक वर्षांनी मला टेबलावर पसरले. तळाच्या ओळीवर तिचे बोट थांबले. अक्षर तिचेच होते. ती खुर्चीत बसली. मग मला तसेच उचलून तिने उत्तमरावांपुढे ठेवले.

"सर, ही ओळ प्रतीत नाही. प्रत मी तपासली नाही. चूक माझी आहे."

उत्तमरावांनी चष्मा काढून ओळ दोनदा वाचली. "अजून कुठं कुठं लावला हा?" एवढेच ते म्हणाले.

जुनी कामे चाळली, ती मुरमावरचीच होती; नव्या कामांत मात्र काळ्या जमिनीवरची आणखी दोन निघाली. तिथे अजून खणायला सुरुवात झाली नव्हती. ती थांबवली. वलगावला बांधलेल्या सळया सोडल्या. जमिनीत खोल भोके पाडून, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब भरले. त्यांवर बीम घातला आणि बीमखाली चार बोटे जागा मोकळी सोडली, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकणार नाही. काम दीड महिना लांबले. पौर्णिमाताईंनी दामिनीला चांगलेच सुनावले. तिने ऐकून घेतले.

एक पावसाळा गेला. परवा दामिनी त्या घरी जाऊन आली. एकेका भिंतीवरून तिने हात फिरवला. तडा नव्हता.

आता काळ्या जमिनीसाठी माझा एक धाकटा भाऊ निघाला आहे, नमुना क्रमांक चार-ब. माझी नवी प्रतही तिने केली. ओळ ठळक अक्षरात आली आणि तिच्या खाली एक चौकट आली : 'जमीन कोणी पाहिली? नाव व तारीख.' त्या चौकटीत पहिले नाव लिहायला तिने मोतीरामांना बोलावले. त्यांनी पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जोडत, सावकाश नाव लिहिले. वीस वर्षांत माझ्यावर पुष्कळ सह्या झाल्या, पण इतक्या जपून कोणी केली नव्हती.

मित्रांनो, मला अवश्य वापरा, मी त्यासाठीच आहे. फक्त मला तळापर्यंत वाचा, आणि वाचून झाल्यावर एकदा खाली वाकून मूठभर माती हातात घ्या. ती मला दिसत नाही. ती तुम्हालाच पाहावी लागेल.