अहो, बघा कोण आलंय!

मालनबाईंच्या दाराला आता इतक्या कड्या-कुलपं झाली होती, की कोथिंबीर आणायला खाली उतरायचं म्हटलं तरी बाई आधीच दमून जायच्या. आत लाकडी दार, त्याला वर कडी, खाली कडी, मधे साखळी. बाहेर लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप, आणि त्याची चावी कमरेला. चोर मजेत फिरतोय आणि कोंडून बसलीय कोण, तर मुलुंडची ही म्हातारी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

झालं असं, की बी विंगमध्ये भरदुपारी एक घर फोडलं. खबर लागली तशी लेक दर्शना कल्याणहून सुतारालाच सोबत घेऊन आली. ठोकाठोक झाली, भिंतीचा पोपडा पडला, आणि सुतार गेल्यावर दर्शनाने आईची शिकवणी घेतली.

"बेल वाजली की आधी आत तोंड करून मोठ्याने ओरडायचं, 'अहो, बघा कोण आलंय!' मगच दाराला हात लावायचा. बाहेरच्याला वाटलं पाहिजे, घरात पुरुषमाणूस आहे."

"आणि हाक कुणाला मारू गं?"

"भिंतीला मार!" दर्शना फटकन बोलून गेली, मग तिचं तिलाच कसंतरी झालं. "आई, पप्पा गेले तेव्हापासून फोन वाजला की तुझंच काहीतरी झालं असं वाटतं. तू एकटी राहतेस हे बाहेर एकाला जरी कळलं ना, तर मी काही ऐकणार नाही. रूम विकायची आणि कल्याणला यायचं. बस्स."

जावई तसा चांगला होता हो. पण जावयाच्या घरात बाई पाहुणीच. तिथे दुपारी आडवं व्हायचं तरी उशी कुठली घेऊ विचारावं लागायचं. ही रूम नवऱ्याने, शिवदासनी, फंडातून घेतलेली. इथे मालनबाई कशाही लोळोत, काहीही खावोत, विचारणारं कोणी नव्हतं. तेवढंच काय ते सुख उरलं होतं, आणि ते जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्या म्हणाल्या, "बरं बाई, ओरडते."

पण 'अहो' हा शब्द शिवदास गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवसापासून तोंडात आला नव्हता. पहिल्यांदा कुरिअरवाला आला तेव्हा नुसतं "अ" एवढंच बाहेर पडलं, आणि पुढे ठसका लागला. कुरिअरवालाच घाबरला बिचारा. मग हळूहळू जीभ सैल झाली. आठवडाभरात तर बाई इतक्या तयार झाल्या की विचारू नका. "अहो, उठा की, कोणीतरी आलंय!" "अहो, बनियन तरी घाला अंगात!" खोटं कशाला बोला, बरं वाटायचं त्यांना. फक्त दार लावून मागे वळलं, की घर आधीपेक्षा जास्त रिकामं असायचं. मग त्या तिथेच चपलांच्या कपाटावर टेकायच्या.

त्या दुपारीही बेल वाजली. चष्मा ओट्यावर राहिला होता, दाराच्या भिंगातून दिसला तो नुसता काळपट ठिपका. मालनबाईंनी सवयीने हाळी दिली, "अहो, बघा कोण आलंय! अहो, ऐकलं का!" आणि लाकडी दार उघडलं.

जाळीपलीकडे एक वाळलेला म्हातारा उभा होता. डोळे पाण्याने भरलेले, आणि तोंडभर हसू.

"वैनी, मी चंदू! गोराईचा चंदू!"

शिवदासच्या हाताखाली पालिकेच्या पाणीखात्यात होता तो. रिटायर होऊन गोराईला गेला, नंबर बदलला, आणि गाठभेटच राहिली.

"काय लोक असतात, वैनी! परवा एक जण म्हणतो, तुझा शिवदासभाऊ गेला. दोन दिवस घास उतरला नाही हो नरड्याखाली. आज धीर करून आलो, वैनींना काय तोंड दाखवू म्हणत. आणि तुम्ही तर त्यांना हाका मारताय! ह्या कानांनी ऐकलं मी!"

मालनबाईंनी तोंड उघडलं. सांगायलाच पाहिजे होतं. पण बँकेत सांगून झालं होतं, गॅसवाल्याला सांगून झालं होतं, गावच्या एकेका नातेवाइकाला फोनवर सांगून झालं होतं. शीण आला होता त्या सांगण्याचा. आणि जगात एक तरी माणूस असा उभा होता, ज्याच्या लेखी शिवदास आत पलंगावर पडलेला होता.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली की उठतच नाहीत."

"मग नका उठवू! आहेत ना, झालं तर. रविवारी येतो जवळा घेऊन." जाळीतूनच हात जोडून तो निघालाही. जिना उतरता उतरता त्याचा फोनवरचा आवाज वर येत होता. "अरे, जिवंत आहे आपला भाऊ! घरी झोपलाय मस्त! सगळ्यांना सांग, त्या गाढवाला पण सांग!"

मालनबाईंच्या काळजात चर्र झालं. अगं, काय केलंस हे? मेलेल्या माणसाची थट्टा मांडलीस? त्यांनी कमरेची चावी ओढली. चावी उलटी लागली, सुलटी लागली, फिरेना. खाली फाटकाची कडी वाजली. एकदाचं कुलूप निघालं आणि बाई अनवाणी जिन्याच्या कठड्याशी धावल्या.

"चंदूभावजी!" गळ्याच्या शिरा ताणून त्या ओरडल्या. "ते गेले हो! खरंच गेले! घरात कोणी नाही, मी एकटीच असते!"

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. पहिल्यावरचंही. सिलिंडर घेऊन वर येणारा माणूस मान वर करून बघत राहिला. सगळ्या विंगेने ऐकलं. आता संध्याकाळच्या आत दर्शनाला कळणार आणि कल्याण काही चुकत नाही, हे मालनबाईंना लख्ख कळत होतं. तरी त्या आत पळाल्या नाहीत, कठड्याला धरून तिथेच रडत उभ्या राहिल्या.

खाली फाटकाची कडी पुन्हा वाजली. मग चंदूने लहान मुलासारखं विचारलं, "कधी, वैनी?"

"वर या," मालनबाई म्हणाल्या. "सांगते."