माझ्या अंगावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घागर आहे. किती जुनी ते विचारू नका, माझ्या पोटावरचे पोचे मोजा आणि तुम्हीच अंदाज बांधा.

हिंगोलीच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. १९९३ साली संतराम नावाच्या माणसानं बहिणीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. त्यानं छिन्नी घेतली आणि ठकठक करत माझ्या खांद्यावर अक्षरं उठवली : 'सौ. पद्मा भिवाजी हिस, भाऊ संतरामकडून.' दुखलं फार. पण खोटं कशाला सांगू, मी मनातून फुगलेही होते.

नाव घालायचं कारण सांगते. आमच्या भागात एखाद्याच्या घरी लग्न असलं की साऱ्या गावातून भांडी गोळा करतात. जेवणावळ उरकली की नाव वाचून ज्याचं भांडं त्याच्या घरी पोचवतात. नाव नसलेलं भांडं बिचारं कुठंही पडतं. मी नावामुळे दर वेळी घरी आले.

पद्माचं सासर होतं साखरा गावात. दाराजवळच्या ओट्यावर माझी जागा. पद्मा रोज चिंच आणि राख लावून मला घासायची. आड लांब होता. डोक्यावर मला घेऊन येताना ती काहीबाही गुणगुणायची आणि मी पाणी सांडू देत नसे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते!

पण त्या घरात पद्माचं नाव कुणी घ्यायचं नाही. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घेणं आमच्याकडे लाजेचं समजतात. राग नसला की भिवाजी नुसतं "आगं ए" म्हणायचा. राग आला की मात्र लाज कुठं पळायची कोण जाणे! भाकर करपली, "टवळे!" बैल सुटला, "टवळे, डोळे फुटले का तुझे?" याहून घाण शब्दही होते. ते मी तुमच्यापुढे काढणार नाही. शेजारचा रामजी म्हणायचा, "रागात निघतंय माणसाच्या तोंडातून. मनात न्हाई काई त्याच्या." अरे वा! मनात नाही तर तोंडात कुठून आलं?

पद्माही गप्प बसणारी नव्हती. तिनंही एक शब्द धरून ठेवला होता, "बायल्या!" तो ऐकला की भिवाजी लाल व्हायचा. मला मात्र तिची कीव यायची. बायल्या म्हणजे बाईसारखा. नवऱ्याला टोचायला तिला दुसरं काही मिळू नये, आपलंच बाईपण मिळावं? ती स्वतःलाच शिवी देत होती आणि तिला ते समजत नव्हतं. भांडा की बाबांनो, करपलेल्या भाकरीवर भांडा, सुटलेल्या बैलावर भांडा. बाई असणं हा काय गुन्हा आहे?

भांडण संपलं की घर सुनं व्हायचं. तो बाजेवर, ती चुलीपुढे, मी ओट्यावर. तिघंही एकटे.

त्यांची पुनम सहा वर्षांची झाली. त्या पावसाळ्यात शाळेतला पाण्याचा माठ फुटला म्हणून पद्मानं मला पंधरा दिवस शाळेला दिलं होतं. पुनमचं नाव घालायला भिवाजी आला तेव्हा मी वर्गाच्या कोपऱ्यातच होते. द्वारकाबाई शिकवायला होत्या. त्यांनी प्रेमानं विचारलं, "बाळ, बाबाचं नाव काय?"

"भिवाजी," पुनम म्हणाली.

"आणि आईचं?"

"टवळी."

पोरगी खोडसाळ नव्हती. ओ देऊन आई ज्या नावाला उठायची, ते नाव तिनं सांगितलं. मागची पोरं खी खी करून हसली. पुनमला कळेना, का हसतात. द्वारकाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"भिवाजीराव, तुमीच सांगा नाव."

भिवाजी खाली बघत राहिला. ज्या तोंडातून टवळी धडाधड निघायचं, त्याच तोंडात पद्मा अडकलं! मला इतकी शरम वाटली, की मी रिकामी असते तर गडगडत बाहेर निघून गेले असते. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खांद्यावरचं नाव वाचून शाळेच्या रजिस्टरात लिहिलं.

पंधरा दिवसांनी मी घरी आले, तेव्हा घरात कोणी भांडत नव्हतं. पुनमनं आईला सगळं सांगितलं होतं. सांगून वर विचारलंही होतं, "आई, तुझं नाव पद्मा हाय व्हय? मंग बाबा तसं काहून म्हणत न्हाई?" त्या दिवसापासून भिवाजीनं शिवी दिली नाही, पद्मानंही नाही.

तुम्ही म्हणाल, बरं झालं. मलाही आधी तसंच वाटलं. पण शिव्या गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. "जेवण." "ठेव." "पाणी." एवढ्यावर दिवस जायचे. कित्येकदा तो माझ्याजवळ पाणी प्यायला यायचा, चुलीकडे बघायचा, घसा साफ करायचा. मला वाटायचं, आता म्हणेल. तो तांब्या पालथा घालून निघून जायचा. पद्माही हातातलं काम थांबवून वाट बघायची. मी तिला बघत होते ना!

वर्षं गेली. अंगणात नळ आला, प्लास्टिकचे ड्रम आले. मी अडगळीत गेले. घासून घासून माझ्या खांद्यावरची अक्षरंही पुसट झाली होती.

२००८ च्या उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावर गुलाबसिंगच्या घरी लग्न होतं. मला तिकडे नेलं. लग्न झालं, सारी भांडी गेली, मी राहिले. माझ्यावरचं नाव कुणाला वाचता येईना. महिनाभर मी परक्या खोलीत दोन अनोळखी घागरींजवळ पडून होते. संध्याकाळ झाली की पद्माचा हात आठवायचा आणि फार रडू यायचं.

एक दिवस दारात भिवाजी उभा. केस पिकलेले.

"ही माझी हाय," तो म्हणाला.

गुलाबसिंगनं मला उजेडात धरलं. "तुमची कशी? 'सौ.' दिसून राहिलं. बाईच्या नावाची हाय. नाव सांगा अन् घेऊन जा."

भिवाजी घुटमळला. मग हळूच काहीतरी बोलला.

"जोरात बोला, मला कमी ऐकू येतंय!"

"पद्मा!" भिवाजी ओरडला. "पद्माची हाय ती! माझ्या पद्माची!"

मी रिकामी होते, मित्रांनो. ते नाव माझ्या पोटात घुमलं. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मी पोटात घट्ट धरून ठेवलं. आता घरी जाऊन तो म्हणेल, या आनंदात मी त्याच्या खांद्यावर साखऱ्याला आले.

पद्मा दारात होती. "सापडली व्हय? नाव तर पुसून गेलतं. कशी वळखली त्यांनी?"

"सांगितलं त्यांना, कोणाची हाय ते."

"काय सांगितलं?"

भिवाजीनं घसा साफ केला. तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बैल बांधून येतो," आणि गेला.

पद्मानं त्याच्या पाठीकडे बघितलं. मग तिनं मला नळाखाली धरलं आणि काठोकाठ भरलं. पोटात धरून आणलेलं ते नाव पाण्याखाली बुडालं.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं. आज घरी गेलात की कान देऊन ऐका, तुमच्या आईला घरात काय म्हणून हाक मारतात. आणि नाव कुणी घेत नसेल, तर ते एकदा मोठ्यानं घ्या. ती ऐकू शकेल एवढ्या जवळ उभं राहून घ्या.