मानाचा पेठा

फोन ओदिलचा नव्हता, तिच्या मैत्रिणीचा होता. इलारिया तिचं नाव. पादोव्यात ओदिलच्याच वर्गात होती. शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ती म्हणाली, "मार्चमध्ये ओदिल जनावरांची डॉक्टर होतेय. आम्ही तिचा कागद लिहितोय. लहानपणची एखादी फजिती सांगा ना. पण झणझणीत पाहिजे हं, मिळमिळीत चालणार नाही!"

कागदाची ही भानगड आर्सेनला त्याच्या बहिणीने, ओदिलनेच पूर्वी कधीतरी सांगितली होती. पादोव्यात कुणाला पदवी मिळाली की मित्रमंडळी त्याच्या जन्मापासूनच्या साऱ्या फजित्या यमकात बसवतात, चित्रं काढून मोठ्या कागदावर छापतात आणि त्याला सोंग चढवून भर रस्त्यात मोठ्याने वाचायला लावतात. त्याने तो कागद आधी पाहिलेला नसतो. वाचताना चुकलं की वाइनचा घोट. आपल्याकडे शिमग्याला जे वर्षातून एकदा होतं, ते तिथे पदवीला होतं एवढंच.

आर्सेनला झणझणीत गोष्ट शोधायला कुठे जावं लागलं नाही. ती त्याच्या जिभेवरच असायची. तिकडे मायदेशी, बाफूसामच्या घरी लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणणारच, "आर्सेन, ती पेठ्याची सांग!" आणि तो सांगायचा. मोठे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, गावाच्या राजाच्या दरबारातले मानकरी. ते नव्या घराला आशीर्वाद द्यायला आले. कोंबडी कापली. कोंबडीच्या पोटातला पेठा, म्हणजे दाणे दळणारी ती मांसल पिशवी, मानाच्या पाहुण्याचाच, त्याला बाईने नि पोराने हात लावायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ताट वाढलं. मामांनी रश्शात बोटं फिरवली. पेठा नाही! मामा उठले, हात धुतले आणि आशीर्वाद तसाच खिशात घालून गावाकडे चालते झाले. पेठा कुणी खाल्ला? नऊ वर्षांच्या ओदिलने! हनुवटीवर रश्शाचा ओघळ, मागे पळी घेऊन आई... इथे आर्सेन आईची चाल करून दाखवायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे. ओदिलला घरात 'पेठा' हे नाव पडलं ते कायमचं. तिला वळण लागावं म्हणून फुम्बोतच्या आत्याकडे अकरा महिने पाठवलं, तो भाग आर्सेन गोष्टीत घेत नसे. तिथे कुणी हसत नाही.

पेठा आर्सेनने खाल्ला होता. तेरा वर्षांचा होता तो.

माणूस आपलं पाप दुसऱ्याच्या नावावर सांगायला लागला, की गोष्ट फार रंगते. सांगून सांगून आर्सेनचं मनही निर्ढावलं होतं. एकच गोष्ट त्याला अधूनमधून टोचायची, आणि खरं तर सुखवायचीही. ओदिलने तेव्हा तोंडातून ब्रही काढला नव्हता. भावासाठी मुकाट्याने सगळं अंगावर घेतलं पोरीने, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तिच्या फीसाठी तो ब्रसेल्समध्ये लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा, तेव्हा मनात म्हणायचा, चला, फिटलं.

त्याने इलारियाला गोष्ट सांगितली. अगदी रंगवून, हातचं काही न राखता.

शुक्रवारी तो पादोव्यात उतरला तेव्हा आभाळ फाटलं होतं. पिशवीत सुकी मासळी आणि हिरवी केळी, अंगावर नवा कोट, आणि कोटातून पाणी थेट गंजिफ्रॉकापर्यंत. ओदिल स्टेशनवर छत्री घेऊन उभी. त्याला बघून लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली.

"दादा! अरे, किती जाडा झालास! बेल्जियमवाले लिफ्टमध्ये तरी घेतात का तुला?"

"दोघांची जागा धरतात. डॉक्टरीणबाई, आधी काहीतरी खायला घाला, मग तपासा."

दुपारी ती परीक्षकांपुढे उभी राहिली. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढला. आर्सेन मागच्या बाकावर बसून ढसाढसा रडला. शेजारच्या कुणा आजीबाईंनी त्याला हातरुमाल दिला. पाऊस थांबेना, म्हणून कागद शनिवारवर गेला. रात्री ओदिलने भावासाठी केळी घातलेली कोंबडी केली. पेठा तिने न विचारता त्याच्या ताटात वाढला. त्याने तो मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाला, "आता कुठे सुधारलीस!" ती हसली. थोडंसंच.

शनिवारी दुपारी पाऊस कालच्यापेक्षा जास्त. विद्यापीठाच्या जवळ दगडी कमानींखालून रस्ता जातो, तिथे तीसएक पोरंपोरी जमली. ओदिलला त्यांनी कोंबडी केलं होतं. पिवळी पिसं, लाल तुरा, पायात पोहताना घालतात ते रबरी पंजे, डोक्यावर मुकुट आणि वरून पीठ. ओलाव्याने पिठाची कणीक होऊन तिच्या केसांत घट्ट बसली होती. खांबावर कागद चिकटवला होता, पुरुषभर उंच. आर्सेनकडे इलारियाने काम सोपवलं होतं, व्हिडिओवर आईला लावून फोन वर धरायचा. बाफूसामला आई नवा डोक्याचा रुमाल बांधून, शेजारच्या चार बायका गोळा करून बसली होती.

इटालियन आर्सेनला येत नव्हतं, पण चित्राला भाषा लागत नाही. मधोमध गाल फुगवलेली एक पोर, तोंडातून पेठा बाहेर आलेला, मागे पळी घेतलेली बाई.

"अगं बाई!" आई फोनमधून किंचाळली. "ही तर मी! आणि ती पेठा! तिथवर पोचवलीस होय रे ही गोष्ट? द्वाडच आहेस!"

ओदिलने वाचायला घेतलं. पहिलं प्रेम, नापास झालेली परीक्षा, गायीने मारलेली लाथ. तिचा आवाज खणखणीत होता, पोरं टाळ्या पिटत होती. मग ती त्या चित्रापाशी आली. तिने चित्र पाहिलं आणि थांबली. ओळी अशा काहीशा होत्या, इलारियाने नंतर त्याला सांगितल्या:

'मानाचे मामा जेवाया बसले, ताटात पेठा नाही,
चोरून खाल्ला, चाटून खाल्ला, मीच ती ओदिलबाई!'

ओदिलने पहिली ओळ वाचली. दुसरी अर्धी वाचली आणि पुढे म्हणाली, "कुणी ते ठाऊक नाही."

"चूक! चूक! पी!" पोरं ओरडली. कुणीतरी बाटली तिच्या तोंडाला लावली. ओदिल दारू पिणारी नव्हे. सणासुदीलाही पेल्याला नुसता ओठ लावणारी. तिने घोट घेतला, खोकली, पुन्हा त्या ओळीवर आली. पुन्हा तेच म्हणाली.

"पी!"

"काय झालं रे? का पाजतात तिला?" आई विचारत होती.

"वाचायला चुकतेय," आर्सेन म्हणाला.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पोरांना वाटलं, हिला चढली, आता मजा आहे. ओदिल आर्सेनकडे एकदाही बघत नव्हती. समोर कागदाकडे बघत होती, वाइन हनुवटीवरून पिसांवर ओघळत होती, आणि दर वेळी त्याच जागी थांबत होती. तीन शब्द होते. म्हणून टाकले असते तर सुटली असती. ती म्हणत नव्हती.

आता बोल, आर्सेन स्वतःला म्हणाला. हात वर करून बोल, मी खाल्ला, आणि थांबव हे. पण हातात आई होती, आईच्या मागे शेजारच्या चार बायका होत्या, आणि त्या बायकांच्या तोंडून संध्याकाळच्या आत बाफूसामभर झालं असतं. अठरा वर्षं हसून सांगितलेली गोष्ट आता कुठल्या तोंडाने फिरवायची? त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. तेवढंच केलं त्याने.

पाचव्या घोटानंतर ओदिलने तोंड पुसलं आणि सपाट आवाजात ओळ जशी होती तशी वाचली. मीच ती ओदिलबाई. कमानींखाली एकच जल्लोष झाला.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, आर्सेनला कंठ फुटला. "मी! मी खाल्ला पेठा! ती नाही, मी!" आधी फ्रेंचमध्ये, मग हातवारे करून, छातीवर थापा मारून.

इलारियाने भाषांतर केलं आणि पोरं बेभान झाली. भाऊ काय छान साथ देतोय! त्यालाही पीठ फासलं, बाटली तोंडाला लावली, खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि वजनामुळे सोडून दिला.

"बघा गं बायांनो," फोनमध्ये आई डोळे पुसत होती, "बहिणीची लाज झाकायला आळ अंगावर घेतोय माझा सोन्या. थोरला भाऊ असावा तर असा!" शेजारणींनी टाळ्या वाजवल्या.

आर्सेनला धरणी दुभंगावी असं वाटलं. पादोव्याची धरणी दगडी, ती काही दुभंगली नाही.

संध्याकाळी ओदिल उलट्या करून झोपली. त्याने तिच्या उशाशी बादली ठेवली आणि तिथेच खुर्चीत बसून राहिला. एकदा तिने डोळे उघडले.

"ओदिल, मी म्हटलं ना सगळ्यांसमोर..."

"वाचून झाल्यावर म्हटलंस, दादा," ती म्हणाली आणि कूस बदलली.

रविवारी दुपारी दोनला त्याची बस. सकाळी पाऊस होताच. ओदिल खिडकीशी बसून केसांतली वाळलेली कणीक कंगव्याने ओढून काढत होती. प्रत्येक ओढीला तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. चर्च सुटायची वेळ होताच आर्सेनने आईला फोन लावला.

"राहू दे ना," ओदिल म्हणाली. "आता कोण मानणार आहे?"

"मानायला लावतो."

आई एकटी होती, चर्चच्या कपड्यांत, खूश. "काय रे बाबा? निघालास?"

"आई, तो पेठा मी खाल्ला होता. काल गंमत नव्हती."

"पुरे झालं हं! किती लाड करशील तिचे?"

"ऐक. तू चटणी वाटायला मागे गेलीस. मी पळीच्या दांड्याने तो पातेल्यातून काढला आणि डुकरांच्या गोठ्यामागे पळालो. इतका कढत होता की या हातातून त्या हातात झेलत होतो. तसाच तोंडात घातला. टाळू भाजली. दोन दिवस मला तिखट खाववेना, तू विचारत होतीस, पोटात दुखतंय का म्हणून. काढा पाजलास मला. आठवतं?"

रुमालाचं टोक आईने आधी कानामागे खोचलं, मग सोडलं. काढा तिला आठवला असावा.

"तिला दे," ती म्हणाली.

आर्सेनने फोन ओदिलपुढे धरला. स्वतःला फार हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पण निदान बोललो तरी, त्याने मनाशी म्हटलं. आता आई हिला विचारील, आणि ही भावासाठी कशी गप्प राहिली ते ऐकावं लागेल. तेही ऐकायचं. मान खाली घालून ऐकायचं.

"ओदिल," आईचा आवाज चिरकला होता. "पोरी, मग तू तेव्हा बोलली का नाहीस गं?"

ओदिलचा कंगवा केसांत अडकला होता. तो तिने तसाच राहू दिला.

"बोलले होते, आई. त्याच दिवशी बोलले होते. तू मला हाताला धरून दादासमोर नेऊन उभं केलंस. त्याला विचारलंस. तो म्हणाला, खोटं बोलतेय ती." तिच्या आवाजात राग नव्हता, रोग्याचा इतिहास सांगावा तशी सांगत होती. "फुम्बोतला मला पेठ्यासाठी नव्हतं धाडलं. पेठ्याचा मार घरीच खाल्ला होता मी. भावावर आळ घेतला म्हणून धाडलं."

आर्सेनने वर बघितलं. "मी असं म्हणालो?"

फोनमध्ये आईने डोळे मिटून घेतले होते. तिला आठवत होतं. आर्सेनने आठवून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. गोठ्याचा वास आठवला, हाताला बसलेला चटका आठवला, पेठ्याची चव अगदी मिठासकट आठवली. बहिणीसमोर उभं राहून आपण काय बोललो, तेवढं त्याला आठवत नव्हतं.